मी अमेय बोलतोय

दमयंतीबाई लासूरकरांच्या हाताखालून गेलेली अशी एक मुलगी सापडायची नाही, जिनं फाटक्या छत्रीचं दुःख लिहिलं नाही. तीसेक वर्षं त्यांनी मुलींच्या शाळेत मराठी शिकवलं, आणि त्यातही आत्मवृत्त लिहून घेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ‘मी छत्री बोलतेय.’ ‘मी पडकी विहीर बोलतेय.’ ‘मी एसटीची लाल बस बोलतेय.’ नियम सोपा. ज्याला तोंड नाही त्याला आपलं तोंड उसनं द्यायचं. सुरुवातीला एक हुंदका, मधे थोडे सुखाचे दिवस, शेवटी माणसांना दोन खडे बोल. पोरी तालुक्याहून, जिल्ह्याहून बक्षिसं आणायच्या. छत्री काही कधी उठून म्हणाली नाही की बाई, मला असलं काहीएक वाटत नव्हतं.

आणि घरी अमेय होता.

अमेय त्यांचा एकुलता एक. तीन वर्षांचा व्हायला आला तरी बोलेना, हाक मारली तर बघेना, तेव्हा डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. आज तो सव्विशीचा आहे, बापापेक्षा वीतभर उंच, दाढी आई करून देते. घशातून एक लांब हुंकार काढतो, खुशीत असला की वेगळा, कावला की वेगळा. शब्द म्हणाल तर एक नाही. आता न बोलणारं पोर मराठीच्या बाईंच्या पोटी यावं, यासारखं त्या पोराचं दुर्दैव नाही. हे बाईंच्या तोंडावर कुणी म्हणालं नाही. म्हणायला पाहिजे होतं.

उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पाहुणा आला की बाई दोघांच्या वतीनं बोलायच्या. “अमेय रुसलाय हं मामा तुमच्यावर, दिवाळीला आला नाहीत.” अमेय तिकडं खिडकीच्या पडद्याची दोरी बोटाला गुंडाळत बसलेला. “अमेयला पांढरा शर्टच लागतो बाई, दुसरा चालत नाही.” अमेय त्या शर्टाची कॉलर दोन्ही हातांनी ओढून मानेपासून लांब धरायचा. नातेवाईक माना डोलवायचे, म्हणायचे, आईचं काळीज बघा, न बोलता कळतं. मुकुंदराव, म्हणजे अमेयचे वडील, वीज खात्यातून निवृत्त झालेले, पेपर तोंडासमोर धरून बसायचे. घरात दोघं न बोलणारे होते. एकाचं निदान झालं होतं, इतकाच काय तो फरक.

सात-आठ वर्षांपूर्वी बाईंनी ‘अंगण’ नावाचा ग्रुप काढला. ऑटिझम असलेल्या मुलांच्या आईवडिलांचा. खोटं कशाला बोलावं, त्या ग्रुपनं बऱ्याच घरांत दिवा लावला. सिल्लोडकडच्या, कन्नडकडच्या बाया पोराला अंगारे लावून थकलेल्या. त्यांना कुणी तरी पहिल्यांदा सांगितलं की हे भूत नाही, बाधा नाही, तुझं पाप तर मुळीच नाही. त्या बाया दमयंतीताईंना देव मानायच्या. आणि देव मानणारी माणसं भोवती जमली की माणसाचं जे होतं तेच बाईंचं झालं. रोज सकाळी सुविचार, दुपारी सल्ला, संध्याकाळी अमेयचा व्हिडिओ. अमेय जेवतोय. अमेयला आंघोळ नकोय. छावणीतल्या एका लग्नात बँडचा आवाज सहन न होऊन अमेय हॉलच्या फरशीवर आडवा पडलाय, स्वतःचा हात चावतोय, आणि मागून बाईंचा शांत, स्पष्ट, वर्गातला आवाज: “पालकांनो, घाबरू नका. ही वेळ कशी हाताळायची ते नीट बघा.” त्या व्हिडिओला जितके बदाम आले तितके कुणाच्या लेकराच्या बारशाला येत नाहीत.

पुढं अंगणात काही मोठी माणसं आली. आईबाप नव्हेत, ज्यांना स्वतःलाच ऑटिझम आहे अशी. कुणाला पंचविशीत कळलेलं, कुणाला तिशीत. त्यातली मनस्विनी ही शेंद्र्याच्या एका कारखान्यात मशिनांची चित्रं काढायची, एकटी राहायची, आणि बोलायची ते तोडून. ती कुणाला ‘शुभ प्रभात’ म्हणायची नाही. एके दिवशी तिनं अंगणात लिहिलं: “तुम्ही इथं आमच्याबद्दल बोलता, आम्ही समोर नसल्यासारखं. आम्ही समोर आहोत. आम्हाला वेगळी जागा हवी आहे. तिथं पालक नकोत.”

झालं. अंगणात आग्यामोहोळ उठलं. आम्ही काय शत्रू आहोत का, म्हणून आया रडल्या. राजेंद्र नावाच्या एका बापानं विचारलं, तिथं मुलींना कुणी फसवलं तर जबाबदार कोण? प्रश्न काही वेडगळ नव्हता. मनस्विनीनं उत्तर दिलं: “मी एकतीस वर्षांची आहे. मला आजवर ज्यांनी फसवलं ते सगळे नात्यातले होते.” सिल्लोडचा बद्रीनाथ म्हणून एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा होता, बापाचा मक्याचा व्यापार, हा कधी एका ओळीच्या वर लिहायचा नाही. त्यानं लिहिलं: “तुमी आमच्यासमोर आमच्यासाठी रडता. मंग आमी कुठं जावं?”

दमयंतीबाईंनी सात मिनिटांचा आवाजी निरोप सोडला. नऊ महिने, रात्रीची जागरणं, सुटलेल्या बढत्या, सगळं त्यात आलं. शेवटी त्यांनी हुकमी पत्ता टाकला. “ज्यांना लिहिता येतं ते जातील वेगळे. माझ्या अमेयसारख्यांनी काय करायचं? त्यांच्या वतीनं तिथं कोण बोलणार?” हा मुद्दा खरा होता आणि त्याला उत्तर नाही असं सगळ्यांना वाटलं.

मनस्विनीला वाटलं नाही. तिनं लिहिलं: “अमेयनंही यावं. तो गप्प बसला तरी चालेल. आवाज पाठवला, चित्र पाठवलं, नुसतं बघितलं तरी चालेल. फक्त फोन त्याच्या हातात असावा.”

हे शेवटचं वाक्य बाईंच्या वर्मी लागलं. “कानामागून आली आणि तिखट झाली,” त्या मुकुंदरावांना म्हणाल्या. “काल आलेली पोरगी मला शिकवायलीय, माझ्या लेकराच्या हातात काय असावं ते.” मुकुंदरावांनी पेपरचं पान उलटलं.

नवा ग्रुप निघालाच. नाव ‘गच्ची’. मोठी माणसं अंगणात बसतात, पोरं गच्चीवर जातात, म्हणून. तीसेक जण तिकडं गेले आणि अंगणात त्यांच्याबद्दल काही कळेना. बाईंना जेवण गोड लागेना. तिथं काय बोलतात, आपल्याबद्दल बोलतात का, एवढंच डोक्यात. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली की अमेयवर अन्याय होतोय. तिथं न बोलणाऱ्यांचा कुणी नको का? असा विचार करणं त्यांना अवघड नव्हतंच. आयुष्यभर तेच केलं होतं.

अमेयच्या नावावर सिम काढायला त्या त्याला मोबाईलच्या दुकानात घेऊन गेल्या. अंगठ्याचं मशीन त्याचा ठसा घेईना. बाईंनी त्याचं मनगट धरून अंगठा काचेवर दाबला, तो ओरडायला लागला, रस्त्यावरची माणसं थांबली. दुकानदार म्हणाला, “आंटी, भैया कू तकलीफ हो री, रैने दो ना.” बाईंनी ऐकलं नाही. पुन्हा दाबला, ठसा उमटला, आणि गच्चीवर जायचा जिना मिळाला.

पहिला निरोप त्यांनी दोनदा वाचून मग पाठवला: “मी अमेय बोलतोय. माझ्या ओठांना कुलूप आहे, पण मनाच्या खिडक्या सताड उघड्या आहेत.”

थोड्या वेळानं बद्रीनाथनं विचारलं, “म्हंजे काय?”

मनस्विनीनं लिहिलं, “अमेय, इथं साधं लिहिलं तरी चालतं. ये.”

दमयंतीबाईंच्या लिखाणावर जन्मात कुणी लाल शाई लावली नव्हती. कानशिलं तापली. पण त्या हुशार बाई. दोन दिवस नुसतं वाचलं आणि मग लिहिलं: “मला मिक्सरचा आवाज आवडत नाही. आई लावते तेव्हा मी बाल्कनीत जातो.” खरंच होतं ते. खाली धडाधड उत्तरं आली. मला पण. मला कुकरचा. मला भांडी घासताना पितळीवर घासणी ओढतात ना, तो. बद्रीनाथ म्हणाला, “मक्याच्या राशीत गुडघ्यापोतर पाय घालून बस. डोकं थंड होतं.” कुणी कुणाची कीव केली नाही, कुणी सुविचार टाकला नाही.

बाई रोज जायला लागल्या. दुपारी मुकुंदराव आडवे झाले की फोन घ्यायच्या. अमेयला काय आवडतं, काय खुपतं, हे त्या लिहू लागल्या तसं त्यांचं त्यांनाच नवल वाटायला लागलं की आपल्याला किती माहीत आहे. अलंकार गळाले, हुंदके गळाले. एकदा मनस्विनीनं लिहिलं, “अमेय, तुझं आजचं मी तीनदा वाचलं.” बाईंनी ते वाक्य दिवसभर तोंडात धरलं. शाळा सुटल्यापासून त्यांना कुणी असं वाचलं नव्हतं. अंगणात त्या सल्ला द्यायच्या. इथं कुणी त्यांना विचारायचं, आज कसा आहेस? आणि खरं सांगितलं तरी कुणी पळून जायचं नाही.

गच्ची भरायची संध्याकाळी, आणि संध्याकाळी अमेयची फिरायला जायची वेळ. तो चपला घालून दाराशी उभा राहायचा. बाई म्हणायच्या, “उद्या हं राजा.” तो बराच वेळ उभा राहायचा, मग चपला काढून पडद्याच्या दोरीकडं जायचा. अमेय तिकडं गच्चीवर सगळ्यांचा लाडका झाला होता आणि इकडं त्याचं फिरणं बंद पडलं होतं.

हे असंच चाललं असतं. पण एके दिवशी मनस्विनीनं विचारलं, “अमेय, तुझा लग्नातला व्हिडिओ मी अंगणात पाहिला होता. मला उलटी झाली होती. टाकण्याआधी आईनं तुला विचारलं होतं का?”

बाईंचा अंगठा फोनवर थांबला. मग त्यांनी लिहिलं, “आई माझ्यासाठी खूप करते. तिचा हेतू चांगला होता.”

“असेल,” मनस्विनी म्हणाली. “पण विचारलं होतं का?”

“नाही.”

बद्रीनाथनं लिहिलं, “माजी आई लई चांगली हाय. तरी मला तिचा राग येतो. इथं म्हनलं तरी चालतं.”

कुणी घाई केली नाही. बाकीचे आपलं आपलं बोलत राहिले, जागा मोकळी ठेवून. आता इथं बाईंनी फोन बाजूला ठेवायला हवा होता. पण ‘आई माझी देव आहे’ असंच लिहीत राहिलं तर ही माणसं अमेयला कच्चा समजतील, त्याला जपून बोलतील, आणि मग पहिल्यासारखं कुणी विचारणार नाही, या भीतीनं त्यांनी एक छोटीशी तक्रार लिहिली. आई झोपेत माझी नखं कापते. जाग आली की मला कळत नाही माझं काय चाललंय. गच्चीनं ती मनापासून ऐकून घेतली. दुसऱ्या दिवशी दुसरी लिहिली. पाहुण्यांसमोर माझ्या नावानं बोलते. तिसऱ्या दिवशी तिसरी. हात थांबेना. पांढऱ्या शर्टाची कॉलर टोचते हे तिला माहीत आहे, पण फोटोत पांढरा उठून दिसतो. बाई लिहीत होत्या आणि रडत होत्या, आणि त्या रडण्यात सुख होतं, हे त्यांनाही कळत होतं. इतकं खरं त्यांनी जन्मात लिहिलं नव्हतं.

मग त्यांनी मिरचीचं लिहिलं. अमेय हात चावायचा म्हणून त्यांनी एका उन्हाळ्यात त्याच्या हाताला लाल तिखट लावायला सुरुवात केली होती. तिखट असेपर्यंत चावणं थांबायचं. तो तेच हात डोळ्याला लावायचा आणि घरभर धावायचा. पंधरवड्यात सुटेल ही सवय, असं त्या म्हणाल्या होत्या. सुटली पावसाळा संपताना.

खाली बद्रीनाथचं आलं. “माज्या बी हाताला लावली व्हती. आईला अंगनात कुनीतरी सांगितलं व्हतं.”

कुणी तरी म्हणजे कोण, हे बाईंना पाठ होतं. ‘घरगुती पण खात्रीचा उपाय’ असं शीर्षक त्यांनीच दिलं होतं. खाली चाळीस-पन्नास आयांनी आभार मानले होते. चाळीस-पन्नास घरं, आणि प्रत्येक घरात दोन हात. बाईंनी फोन पालथा घातला, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायल्या आणि परत येऊन उचलला, कारण मनस्विनीचं लिहिलेलं आलं होतं.

“अमेय, तुला मदत हवी आहे का? हो किंवा नाही, एवढंच लिही.”

सव्वीस वर्षांत हा प्रश्न दमयंतीबाईंना कुणी विचारला नव्हता. नवऱ्यानं नाही, सासरच्यांनी नाही, देव मानणाऱ्या बायांनी तर नाहीच. देवाला कोण विचारतं. त्यांनी लिहिलं, “हो.”

कुणाचा हो होता तो, हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण मनस्विनीच्या लेखी हो म्हणजे हो. “रविवारी सकाळी येते. पत्ता अंगणात आहेच. बद्रीनाथ सिल्लोडहून निघेल,” असं तिनं लिहिलं, आणि बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी घाईघाईनं टाइप केलं, “नको. येऊ नका. सगळं ठीक आहे. आई खूप चांगली आहे.”

मनस्विनीचं उत्तर आलं: “हे आईनं लिहिलंय. कळतंय. घाबरू नकोस, आम्ही येतोय.”

इतक्या दिवसांत बाईंनी स्वतःच्या मनातलं एकच वाक्य लिहिलं होतं, आणि तेवढंच पकडलं गेलं.

रविवारी दोघं आले. मनस्विनी बारीकशी, कानावर मोठे हेडफोन, नजर दाराच्या चौकटीवर. बद्रीनाथ तिच्या मागं, नवा शर्ट घातलेला, घामानं थबथबलेला. बाईंनी शिरा केला होता. दार उघडल्या उघडल्या त्यांनी सुरुवात केली, “या या, अमेय सकाळपासून वाट बघायलाय तुमची.”

अमेय खिडकीशी होता. मनस्विनी त्याच्याकडं गेली नाही. लांब, भिंतीला टेकून जमिनीवर बसली. बद्रीनाथही बसला. “अमेय, मी मनस्विनी. गच्चीवरची,” ती खिडकीकडं न बघता म्हणाली. अमेय दोरी गुंडाळत राहिला.

“लाजायलाय,” बाई म्हणाल्या. “तो म्हणतोय की…”

“तो काही म्हणाला नाही,” मनस्विनी म्हणाली. आवाजात राग नव्हता. पाऊस पडत नाही असं सांगावं तसं सांगितलं तिनं.

मुकुंदराव आतल्या दाराशी येऊन उभे राहिले. मग मनस्विनीनं विचारलं, “त्याचा फोन कुठं आहे?” बाईंना तो कमरेचा काढून द्यावा लागला. मनस्विनीनं फोन जमिनीवरून अमेयकडं सरकवला. त्यानं तो उचलला, काच गालाला लावली, थंड वाटली तसा हुंकार काढला, आणि खाली ठेवून दिला.

“त्याला टाइप करता येत नाही,” मनस्विनी म्हणाली.

“नाही.”

“मग आम्ही इतके दिवस कुणाशी बोलत होतो?”

बद्रीनाथनं मान वर केली. तो बाईंकडं बघत होता, आणि त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यानं दोन्ही हात काखेत दाबून धरले.

दमयंतीबाई खुर्चीत ताठ बसल्या. वर्गात कुणी उलट बोललं की बसायच्या तशा. “मी त्याची आई आहे,” त्या म्हणाल्या. “त्याच्या मनातलं मला कळतं. मी एक अक्षर खोटं लिहिलं नाही. विचारा यांना. नखं, शर्ट, सगळं खरं आहे.”

“मिरची?”

“तेही खरं. मी कशाला खोटं लिहू?”

मनस्विनीनं थोडा विचार केला. “म्हणजे त्याला काय होतंय ते तुम्हाला तेव्हाच माहीत होतं,” ती म्हणाली. “मला वाटायचं, तुम्हाला कळत नसेल. माझ्या आईला कळायचं नाही. तुम्हाला कळत होतं आणि तुम्ही करत होतात.”

मुकुंदरावांकडं बाईंनी बघितलं. मुकुंदराव फरशीकडं बघत होते. मग बाई जे बोलल्या ते त्यांच्या जन्मात बसणारं वाक्य नव्हतं. “मला तिथनं काढू नको ग,” त्या म्हणाल्या. “मी काही बोलणार नाही. नुसती बसून राहीन. मला दुसरं कुणी नाही.”

“तुम्हाला अंगण आहे,” मनस्विनी म्हणाली आणि तिथल्या तिथं आपल्या फोनवरून तो नंबर काढून टाकला. क्रूर म्हणायचं असेल तर म्हणा. तीस जणांनी आपल्या आयांबद्दल जे लिहिलं होतं ते एका आईनं वाचलं होतं, आणि ते आता कुणालाच न वाचलेलं करता येणार नव्हतं.

जाण्याआधी तिनं पिशवीतून एक जुना टॅब काढला. त्यावर चौकोनात चित्रं होती. बोट लावलं की शब्द ऐकू यायचा. पाणी. भूक. हो. नको. बाहेर. असली मशिनं बाईंना माहीत होती. मशीन हाती दिलं की जीभ आळशी होते, पोरगं कधीच बोलत नाही, असं त्या अंगणात ठासून सांगत आल्या होत्या. आज त्यांच्यात अडवण्याचं बळ नव्हतं. बद्रीनाथ सरकत सरकत अमेयजवळ गेला आणि पाण्याच्या चित्रावर बोट ठेवलं. “पाणी,” टॅब बोलला. बद्रीनाथ उठला, पाणी आणलं, स्वतः प्याला. पुन्हा तसंच केलं. मग शिऱ्याच्या वाटीला हात लावला, ‘नको’ दाबलं आणि वाटी लांब सारली. अमेयच्या हातातली दोरी थांबली. तो बद्रीनाथच्या बोटाकडं बघायला लागला. सकाळ सरून ऊन गॅलरीतून आत आलं तरी बद्रीनाथ न कंटाळता तेच करत होता.

अमेयनं बोट पुढं केलं. “पाणी.” बद्रीनाथनं पाणी दिलं. अमेयनं पेला संपवला आणि असा हुंकार काढला की मुकुंदरावांनी चष्मा काढून डोळे पुसले. बाईही उठल्या. त्यांना भरून आलं होतं, आणि भरून आलं की त्यांना भरवायचं सुचे. त्यांनी चमच्यात शिरा घेतला, नेहमीसारखी अमेयची हनुवटी डाव्या हातानं धरली.

“नको,” टॅब बोलला.

“चुकून लागलं बोट,” बाई म्हणाल्या आणि चमचा पुढं नेला.

“नको.”

“अरे, तुला आवडतो ना शिरा.”

“नको. नको. नको.” अमेय त्यांच्याकडं बघत नव्हता, त्या चौकोनाकडं बघत होता, आणि बोट उचलून उचलून टेकवत होता. मशिनातला बायकी आवाज दर वेळी तितकाच सपाट.

बद्रीनाथनं बाईंचं मनगट हळूच धरून बाजूला केलं. “काकू,” तो म्हणाला, “तो नको म्हनतोय.”

टॅब अमेयसाठी ठेवून दोघं गेले. मुकुंदराव त्यांना खालपर्यंत सोडायला उतरले ते लवकर वर आले नाहीत. दमयंतीबाई एकट्या त्या खोलीत उभ्या होत्या, आणि त्यांचा मुलगा समोर होता, आणि त्याला आता त्यांच्याशी बोलता येत होतं. त्या त्याच्या जवळ गेल्या. केसांवरून हात फिरवला. “नको,” टॅब बोलला. खांद्यावर ठेवला. “नको.” त्या म्हणाल्या, “अरे, मी आई.” “नको.” मग त्यांनी टॅब त्याच्या मांडीवरून उचलला, बंद केला, कपाटात वरच्या फळीवर ठेवला आणि किल्ली लावली. सवय लागायला नको, असं त्या मोठ्यानं म्हणाल्या. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

संध्याकाळी त्या अंगणात गेल्या. लिहिलं, “आज आमच्या घरी चमत्कार झाला. सव्वीस वर्षांनी अमेय पहिला शब्द बोलला.” लिहून होतंय न होतंय तोच हात जोडलेले, बदाम, फुलं, रडणारे चेहरे, यांचा पूर आला. कन्नडहून, जालन्याहून, सिल्लोडहून आया विचारू लागल्या, ताई, कुठला शब्द? सांगा ना ताई, काय बोलला?

बाईंनी लिहिलं, “आई.”

मग इतक्या जणींनी इतकं विचारलं की कसं झालं ते नीट, पहिल्यापासून लिहून टाकावं असं त्यांना वाटलं. त्या चष्मा लावून पलंगावर टेकून बसल्या. शेजारी अमेय कपाटासमोर उभा होता आणि तळहातानं दारावर मारत होता. थांबायचा, मारायचा, आईकडं बघायचा, पुन्हा मारायचा.

“थांब रे जरा,” दमयंतीबाई मान वर न करता म्हणाल्या. “तुझंच लिहायलेय.”